दोन्हीकडून लिहिलेली वही

आमच्या दाजींइतका निष्ठेने घाबरणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही, हे मी माझ्या दुकानाच्या काउंटरवर हात ठेवून सांगतो. तसे घाबरणारे पुष्कळ असतात. मीही घाबरतो. जूनमध्ये शाळा उघडायला आल्या आणि वह्यांची गाडी आलेली नसली की घाबरतो. बायको भांडता भांडता एकदम "बरं" म्हणाली की त्याहून जास्त घाबरतो. पण आम्ही प्रसंग पाहून घाबरणारी माणसं. दाजींना प्रसंग लागत नाही. ते सकाळी उठतात, चहा घेतात आणि आज कशाला घाबरायचं आहे ते शांतपणे ठरवतात.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. धुळ्यात राहतात. उभा जन्म इंग्रजी शिकवून आता निवृत्त झालेत. मी जळगावात वह्या-पुस्तकांचं दुकान चालवतो आणि नात्याने त्यांचा साला लागतो, त्यामुळे त्यांची थट्टा करण्याचा माझा हक्क लग्नातच मिळालेला आहे. तो मी आजवर एक दिवसही वाया घालवलेला नाही. दाजीही मला "सालेसाहेब" म्हणतात, आणि त्यातल्या "साहेब"वर जरा जास्तच जोर देतात.

कुत्र्यांचं घ्या. दाजींना कुत्र्यांची भीती वाटते म्हणून ते दूध आणायला निघताना खिशात बिस्किटांचा पुडा ठेवतात. कुत्रं दिसलं की लांबून एक बिस्कीट टाकायचं आणि ते खाण्यात गुंतलं की सटकायचं, असा बेत. आता कुत्र्यांना काय कळायचं की ही लाच आहे? त्यांना ते प्रेम वाटलं. महिनाभरात कॉलनीतली अकरा कुत्री रोज सकाळी दाजींच्या फाटकाशी हजर राहू लागली आणि त्यांच्यामागून शिस्तीत दूध केंद्रापर्यंत जाऊ लागली. पुढे ताठ मानेने दाजी, कारण मागे वळून बघायची हिंमत नाही, आणि मागे ही सगळी फौज. लोकांना वाटलं, केवढा भूतदयेचा माणूस. कॉलनीतल्या पोरांच्या मंडळाने एका कार्यक्रमात शाल देऊन त्यांचा सत्कार केला. व्यासपीठावर मंडळाचं पाळलेलं कुत्रंही बसवलेलं होतं. दाजींनी ती शाल गळ्यापासून घोट्यापर्यंत घट्ट गुंडाळून घेतली आणि दोन वाक्यांत भाषण संपवलं.

अनोळखी नंबरवरून फोन आला तर ते हात लांब करून फोन धरतात आणि स्वतःच्याच आवाजात "सर घरी नाहीत" असं सांगून ठेवून देतात. एटीएममध्ये जाताना अक्काला दाराशी पहाऱ्याला उभं करतात. लिफ्टमध्ये तर ते जन्मात चढलेले नव्हते. डॉक्टर पाचव्या मजल्यावर असेल तर ते आजार बदलून तळमजल्यावरच्या डॉक्टरकडे जातात, असं अक्का म्हणते. एकदा दाढ काढायला गेले, खुर्चीत बसले, आणि डॉक्टर हातमोजे घालायला वळताच गळ्यातल्या प्लास्टिकच्या कापडासकट घरी आले. ते कापड परत द्यायला मला जावं लागलं.

आणि या माणसाचा अभ्यासाचा विषय कोणता, तर इंग्रजी भाषेतले शौर्याचे आणि भित्रेपणाचे शब्द. विश्वास नसेल तर वही दाखवतो म्हणालो असतो, पण ती आता माझ्या हाताशी नाही. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची. तसल्या वह्या आता येत नाहीत, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. पुढून उघडली की धैर्याचे शब्द, उलटी करून मागून उघडली की भीतीचे. मध्ये कोरी पानं. दोन्हीकडून लिहीत जायचं आणि मधल्या पानांकडे कोण आधी पोहोचतं ते बघायचं, असा तो खेळ होता.

खेळ सुरू झाला पारोळ्याला. दाजींची पहिली नोकरी तिथल्या शाळेत. त्याच शाळेत गणिताचे एक सर होते. त्यांना आम्ही सगळे पारोळ्याचे सरच म्हणतो. कमी बोलणारा माणूस, जे बोलेल ते उत्तराखाली दोन रेघा मारल्यासारखं. दाजी एकदा शिक्षकांच्या खोलीत रंगात येऊन म्हणाले की इंग्रजी ही शूरांची भाषा, तिच्यात धैर्याला जितके शब्द आहेत तितके भीतीला नाहीत. सर वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "मोजलेत का?" दाजींनी मोजले नव्हते. दुसऱ्याच दिवशी वही आली. सरांनी नियम घातले. शब्द, अर्थ आणि उदाहरण, तिन्ही असेल तरच तो धरायचा. उदाहरण पुस्तकातलं चालणार नाही, आपल्या डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे. तीनातलं एक जरी नसलं तरी मोजणीत घ्यायचं नाही.

त्या नियमाने घोळ केला. शब्दकोशातून धैर्याचे शब्द काढायला वेळ लागत नाही. करेज, व्हॅलर, ग्रिट, प्लक, मेटल, फोर्टिट्यूड, सगळे रांगेत उभे. पण डोळ्यांनी बघितलेलं उदाहरण आणायचं कुठून? "प्लक", म्हणजे धिटाई, या शब्दासाठी दाजी आठ महिने थांबले होते. शेवटी बाजार समितीत एका भाजीवालीने मापात मारणाऱ्या व्यापाऱ्याची टोपी उडवली तेव्हा तो शब्द वहीत गेला. उलट बाजूला मात्र अडचण नव्हती, कारण उदाहरण चोवीस तास घरातच होतं. मागच्या पानांवर ओळीमागून ओळ तेच दिसायचं: "उदाहरण: स्वतः, दातांच्या दवाखान्यात." "उदाहरण: स्वतः, पाल." "उदाहरण: स्वतः, मुख्याध्यापकांची केबिन." एवढं मात्र कबूल केलं पाहिजे की दाजी स्वतःशी कधी खोटं बोलले नाहीत. स्वतःच्या भित्रेपणाची इतकी प्रामाणिक नोंद ठेवायलाही काहीतरी लागतंच, पण हे त्यांना सांगितलं तर ते म्हणतात, "त्याला शब्द सांग, उदाहरण सांग, मग लिहितो."

मुख्याध्यापकांच्या केबिनची गोष्ट अशी. शिक्षकांच्या खोलीतला पंखा बंद पडलेला, एप्रिल महिना, आणि जाऊन सांगायची कोणाची तयारी नाही. दाजींनी सगळ्यांना "बेल द कॅट" म्हणजे काय ते इतकं बहारीने समजावलं, मांजर, घंटा, उंदरांची सभा सगळं हातवाऱ्यांसकट, की सर्वांनी एकमताने त्यांनाच पाठवलं. दाजी आत गेले, पाच मिनिटांनी बाहेर आले. पंख्याचं काय झालं विचारल्यावर म्हणाले, विषय निघाला नाही. साहेबांच्या नव्या खुर्चीबद्दल मात्र चांगलं बोलणं झालं.

पण शिकवायला बसले की हेच दाजी वेगळे होत. त्यांचा एक सिद्धांत होता, इंग्रजांनी आपलं सगळं शौर्य खाटकाच्या दुकानातून आणलंय. गट्स म्हणजे आतडी. बॅकबोन म्हणजे पाठीचा कणा. कोणी धोका पत्करून मान पुढे काढतो, कोणी संकटात वरचा ओठ ताठ ठेवतो, भित्र्याचं लिव्हर पांढरं असतं आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्याचे पाय गार पडतात. मग ते फळ्यावर एका बाजूला हे लिहीत आणि दुसऱ्या बाजूला आपलं: छाती, काळीज, जिगर. जिगर म्हणजेही लिव्हरच, असं सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे की जणू हा सौदा त्यांनीच दोन भाषांमध्ये जुळवून दिलाय. "कोल्ड फीट" शिकवताना ते म्हणत, हा शब्द आपल्याकडे चालत नाही. जळगावात मे महिन्यात ज्याचे पाय गार पडले तो भाग्यवान. ओठ ताठ ठेवण्याचा सराव तर त्यांनी घरी आरशासमोर आठवडाभर केला. चौथ्या दिवशी अक्काने स्वयंपाकघरातून बघितलं आणि विचारलं, "दात दुखस का तुमना?" सराव तिथेच थांबला.

"चिकन"वर मात्र त्यांचा खरा राग. भित्र्या माणसाला चिकन म्हणणाऱ्याने पिल्लांची कोंबडी कधी जवळून बघितलेली नाही, असं त्यांचं ठाम मत. लहानपणी त्यांच्या खेड्यात अशाच एका कोंबडीने त्यांना अख्ख्या गल्लीतून पळवत नेलं होतं. तो शब्द त्यांनी वहीत भीतीच्या बाजूला लिहिला, अर्थ लिहिला, आणि उदाहरणात लिहिलं: "स्वतः. कोंबडी नव्हे."

दरवर्षी मोजणीचा दिवस ठरलेला, भाऊबीज. दाजींना सख्खी बहीण नाही. पारोळ्याला एकटे खोली घेऊन राहायचे तेव्हा सरांच्या बायकोने, वहिनींनी, त्यांना जेवू घातलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर तेल घातलेला ठेचा. दाजी आजही त्या ठेच्याचं नाव काढताना आवंढा गिळतात. पहिल्याच दिवाळीला वहिनींनी त्यांना पाटावर बसवून ओवाळलं आणि त्या त्यांना भाऊ म्हणू लागल्या. पुढे दाजींची धुळ्याला बदली झाली, लग्न झालं, पण नेम चुकला नाही. भाऊबीजेला सकाळी दाजी आणि अक्का धुळ्याहून एस.टी.ने निघायचे, पारोळ्याला उतरायचे. वहिनी दाजींना ओवाळायच्या, जेवणं व्हायची, मग दोघे मित्र ओट्यावर वही घेऊन बसायचे. सर नेहमी मागूनच वही उघडायचे. मोजून झालं की खाली आकडा लिहून दोन रेघा मारायचे. भीती दरवर्षी पुढे असायची. वहिनी दारातून म्हणायच्या, "माझ्या भाऊला हरवलंत का पुन्हा?" मग संध्याकाळची गाडी धरून अक्का मला ओवाळायला जळगावला यायची, आणि दाजी माझ्या घरी पोहोचेपर्यंत अर्धे पेंगलेले असायचे.

चार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. सकाळी भाजी निवडता निवडता गेल्या. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

धुळ्याला फोन गेला. दाजींनी अंगात धुतलेला सदरा घातला, चपला घातल्या, उंबऱ्यावर बसले आणि तिथून उठेचनात. अक्का शेवटी एकटी गेली. मी जळगावहून गेलो. आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. सतरंजीवर गप्प बसायचं. घरचा माणूस कसं झालं ते सांगतो, ते ऐकायचं. तिथे चहा घ्यायचा नाही, आणि उठताना "येतो" म्हणायचं नाही. नुसतं उठायचं आणि निघायचं. त्यात अवघड काही नाही. शेंबडी पोरंही आईबापांबरोबर जातात. तिसऱ्या दिवशी मी आणि अक्का दारावर गेलो तेव्हा सरांनी आमच्या मागे बघितलं आणि एवढंच विचारलं, "तो?"

गिऱ्हाइकांशी बोलून बोलून माझी जीभ सैल झालेली आहे. मी पटकन म्हणालो, "दाजींना ताप आहे." सर म्हणाले, जपा म्हणावं त्याला.

मग दाजी दहाव्याला गेले नाहीत, तेराव्याला गेले नाहीत. वर्षश्राद्धाला निघाले आणि धुळ्याच्या स्टँडवरून परत आले. मी चिडून विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथं जाऊन मी रडलो तर तो मला आवरत बसेल. आणि नाही रडलो तर?" पहिल्या आठवड्यात जायला एक हात हिंमत लागली असती. महिन्याने पुरुषभर लागली. वर्षाने तर मोजायची सोय राहिली नाही. सरांनी फोन केला नाही. दाजींनीही केला नाही. आणि मी सांगितलेला तो खोटा ताप तसाच चढलेला राहिला. मला दाजींचा राग यायचा आणि त्यातला थोडा माझा स्वतःचाही असायचा.

त्या चार वर्षांत दाजी जळगावला येत नव्हते असं नाही. यायचे, पण अमळनेरवरून. धुळ्याहून जळगावची एस.टी. पारोळ्याच्या स्टँडात शिरते, दहा मिनिटं थांबते. ती दहा मिनिटं दाजींना नको होती. म्हणून ते धुळ्याहून एस.टी.ने अमळनेरला जायचे, तिथे दीड तास फलाटावर बसायचे, मग रेल्वेने धरणगाववरून जळगाव. मला हे कळायलाच वर्ष लागलं. विचारलं तर म्हणाले, रेल्वेत हवा चांगली लागते. त्यात पुन्हा भाऊबीजेला येणं बंदच केलं. अक्का एकटी यायची, ओवाळायची, आणि दाजींचं विचारलं की ताटातला दिवा सारखा करत बसायची.

या उन्हाळ्यात पारोळ्याहून एक मास्तर माझ्या दुकानात हजेरीपटाची रजिस्टरं घ्यायला आले. बोलता बोलता म्हणाले की सर चालले पुण्याला, मुलाकडे, कायमचे. घर बंद करणार. रविवारी सकाळी गाडी येणार आहे. मी हिशेब अर्धा टाकून दाजींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं. "असं का," म्हणाले. थोड्या वेळाने अक्का फोनवर आली आणि म्हणाली, ह्यांनी फोन देवघरात ठेवला आणि गच्चीवर गेले.

शुक्रवारी मी दुकान मुलावर सोपवून धुळ्याला गेलो. सगळा रस्ता मी काय काय सुनवायचं ते घोकत होतो. पण दाजींनी मला बोलूच दिलं नाही. वही समोर ठेवली, मागून उघडली आणि शेवटची ओळ दाखवली. अर्थ लिहिलेला होता: मित्राच्या दारावर न जाणारा. उदाहरण लिहिलेलं होतं: स्वतः, पारोळा. शब्दाच्या जागी मात्र खाडाखोड करून करून कागद पातळ झाला होता.

"चार वर्षं शोधतोय," दाजी म्हणाले. "कॉवर्ड लिहिलं, खोडलं. तो लढाईतून पळतो, इथं लढाई कुठं होती? क्रेव्हन लिहिलं, खोडलं. एवढी मोठी भाषा, पण या माणसाला तिच्यात शब्द नाही."

अक्का पिशवी घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "शब्द सापडला की जाणार होते का?"

दाजींनी वही मिटली.

"मग चाला. अकराची गाडी शे."

एस.टी.त दाजी समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसले आणि वहीच्या पुढच्या बाजूचे शब्द पाठ म्हणू लागले. प्लक, ग्रिट, मेटल, नर्व्ह, फोर्टिट्यूड, पुन्हा प्लक. ओठ हलत होते, डोळे मिटलेले. शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, काकांची परीक्षा आहे का? मी हो म्हणालो. पारोळ्याच्या स्टँडात गाडी लागली, अक्का उतरली आणि मागे न बघता चालू लागली. दाजी बसूनच. कंडक्टर म्हणाला, बाबा, पारोळ्याचं तिकीट ना तुमचं? दाजी म्हणाले, जळगाव. मीही जागचा हललो नाही. ड्रायव्हर जागेवर येऊन बसला, इंजिन सुरू झालं, तेव्हा दाजी उठले, वही छातीशी धरली आणि उतरले. त्या क्षणी त्यांना काय झालं ते मी नंतर पुष्कळदा विचारलं. त्यांनाही सांगता आलेलं नाही.

सर ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून एका गाठोड्याला सुतळी बांधत होते. सगळीकडे खोकी. अंगणातली तुळस सुद्धा शेजाऱ्यांना देऊन झालेली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. दाजी फाटकातच थांबले होते. मला वाटलं, आता हे वळणार.

सर म्हणाले, "ताप उतरला का?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. "उतरला," म्हणाले.

"बस मग."

आणि सरांनी काय करावं? बांधलेल्या गाठोड्याची सुतळी सोडली, आतून सतरंजी काढली आणि ओट्यावर अंथरली. आम्ही तिघं बसलो. ते समोर बसले आणि रीतीप्रमाणे सांगू लागले. सकाळी सातला चहा घेतला. मेथीची जुडी घेऊन बसली. मला म्हणाली, जरा पाणी द्या. चार वर्षं झालेली गोष्ट, पण ते कालची असल्यासारखी सांगत होते, आणि दाजी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे ऐकत होते. पहिल्यांदाच ऐकत होते की. पाणी आणेपर्यंत मान टाकली, असं सर म्हणाले. मग दाजी रडले, सरही रडले, आणि कोणी कोणाला आवरलं नाही. ज्याला हा माणूस चार वर्षं अमळनेरवरून वळसा घालत होता ते सगळं मिळून दहा मिनिटांत झालं. मी खोक्यांवरचे पत्ते वाचत बसलो.

दाजींनी वही पुढे सरकवली. सरांनी ती मागून उघडली. बोट फिरवत शेवटच्या ओळीवर आले.

"शब्द कुठे आहे?"

"नाही सापडला."

"अर्थ आहे. उदाहरण आहे. शब्द नाही."

"नाही."

"मग हा धरायचा नाही," सर म्हणाले. खिशातलं पेन काढलं, त्या ओळीवर पट्टीने मारावी तशी सरळ रेघ मारली, ती सोडून बाकीच्या मोजल्या, आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. नियम त्यांचेच होते, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

थोड्या वेळाने अक्का उठली. दारावर गेल्यावर उठायचं तशी, काही न बोलता. मीही उठलो. दाजी उठले, चपला घातल्या आणि रीतीप्रमाणे पाठ फिरवून पायरी उतरू लागले. वही घ्यायची त्यांना आठवण राहिली नाही. सर सतरंजीवरूनच म्हणाले, "तसा नको जाऊ, भो. येतो म्हणीसन जाय."

दाजी पायरीवर थांबले. "अरे, पण तू तर परवा चालला. इथं कुलूप राहील."

"पुण्याला ये. वही माझ्याजवळ राहते. नववा मजला आहे."

"नववा?" दाजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "लिफ्ट का?"

"लिफ्टच. जिन्याने तुझे गुडघे यायचे नाहीत."

आतल्या भिंतीवर वहिनींचा फोटो अजून होता. तो सगळ्यात शेवटी काढायचा असेल. दाजींनी सरांच्या डोक्यावरून त्याच्याकडे बघितलं, पहिल्यांदाच, आणि चांगलं मिनिटभर बघितलं.

"येतो," म्हणाले.

तेव्हापासून दाजी पुन्हा पारोळ्यावरून जळगावला येतात. मध्ये उतरतात, स्टँडावर चहा घेतात, सरांच्या गल्लीत जाऊन कुलूप नीट आहे का बघतात आणि पुढची गाडी धरतात. कुलूप बघून काय मिळतं ते मी विचारलेलं नाही. पंधरा दिवसांतून एकदा तरी येतात, कारण माझ्या दुकानाजवळ लिफ्ट असलेली पाच मजल्यांची इमारत आहे आणि आमचा सराव चालू आहे. पहिल्या रविवारी आम्ही नुसते आत उभे राहून बाहेर आलो. दुसऱ्या खेपेला पहिला मजला झाला. दाजी माझं मनगट अशा ताकदीने धरतात की रात्री मला मलम लावावं लागतं, आणि डोळे मिटून ते प्लक, ग्रिट सुरू होतं. तिथल्या वॉचमनला वाटतं, ते मंत्र म्हणतात. तोही बाहेर हात जोडून उभा राहतो. नवीन शब्द सापडला तर दाजी पुण्याला फोन करून सांगतात आणि सर तिकडे लिहून घेतात. मधली पानं आता थोडीच उरली आहेत, असं कळतं. परवा सरांनी पुढच्या बाजूला एक नोंद केली म्हणे, उदाहरणात दाजींचं नाव घालून. शब्द कोणता ते सांगत नाहीत. आल्यावर बघ म्हणतात.

गेल्या रविवारी पाचवा मजला झाला. दार उघडलं तेव्हा दाजींनी डोळे उघडले, खिडकीपर्यंत गेले, खालचं जळगाव बघितलं आणि विचारलं, नववा याच्या किती वर? मी म्हणालो, चार. ते "बरं" म्हणाले आणि खाली यायचं बटण या वेळी त्यांनी स्वतः दाबलं. पुण्याची तिकिटं काढून झाली आहेत, भाऊबीजेची. ओवाळणारी आता नाही, पण दोघं मिळून जेवतील, मोजतील. मला ओवाळायला अक्का या वर्षी दोन दिवस उशिरा येणार आहे. मी तिला सांगितलंय, दोघंही सावकाश या, मी थांबतो.